बाबांची भरलेली ट्रंक

कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. नाशिक रोडला निर्वासितांच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या, आणि दाराशी पत्र्याची एक ट्रंक. फाळणीत सिंध सोडला तेव्हा बाबा शाळकरी पोर होते. पुन्हा पळायची वेळ आलीच तर उचलायला म्हणून ही ट्रंक कायम भरलेली असे. तिचा नियम एकच: काही आत घालायचं तर काही बाहेर काढायचं. आत काय आहे ते आईलाही धड माहीत नव्हतं. किल्ली बाबांच्या बंडीच्या खिशात.

नव्वदच्या सुमारास, कॉलेजात असताना, मी मराठीत कविता लिहू लागले. पहिल्याच स्पर्धेत परीक्षकांनी माझं आडनाव वाचून विचारलं, "कोणाकडून लिहून घेतेस?" बक्षीस दिलं, पण नाइलाजाने दिल्यासारखं. बाबांचा संशय वेगळा होता. त्यांची शाळा सिंधीच्या अरबी लिपीत झालेली, देवनागरी येत नव्हती. ते वही उलटसुलट करून म्हणत, "यात आपल्या घराचं काय लिहिलंयस? वाईट दिवस आले की लिहिणाऱ्याला आधी शोधतात."

पुढे गंगापूर रोडवरच्या एका प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं. सोमवारी वही द्यायची होती. नक्कल नव्हती. त्याच आठवड्यात शहरात वातावरण तापलं, दुकानं लवकर बंद होऊ लागली, आणि शनिवारी फळीवरून वही गायब.

"वही तुम्ही घेतलीत?"

"निवळू दे सगळं, मग बघू."

"जाळलीत ना? खरं सांगा."

बाबा चपला घालून आपल्या दुकानात गेले. मी बंबातली राख चाळली, रद्दीवाल्याकडे जाऊन आले. मग त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या खाटेवर एक रल्ली आणून ठेवली, तुकडे जोडून शिवलेली सिंधी गोधडी. "थंडी आहे," एवढंच म्हणाले. भरपाई करताहेत, मी ओळखलं. मी ती गच्चीवर पापडांखाली अंथरली. आई म्हणाली, "ती त्यांच्या आईची गं, एवढीच राहिलीय." मी ऐकलं नाही.

कविता आठवून आठवून पुन्हा लिहिल्या. पुस्तक उशिरा आलं, पण आलं. मग आणखी पुस्तकं, संमेलनं, सत्कार. प्रत्येक व्यासपीठावर मी सांगायची, माझी पहिली वही वडिलांनी जाळली. लोक हळहळायचे. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

दोन हजार पाचच्या आसपास बाबा गेले. रेशनकार्ड हवं म्हणून ट्रंक उघडली. वर कागदपत्रं, चांदीचा पेला, आणि त्यांच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली माझी वही. एक पानही फाटलेलं नव्हतं.

परत का दिली नाही? माझ्या बोलण्याचा राग धरून? की पुस्तक निघूच नये म्हणून? मला अजून शंका आहे. पण वहीखाली ट्रंकेत मोठी पोकळी होती. मी गच्चीवर जाऊन रल्ली आणली, झटकली, घडी घालून तिथे ठेवून पाहिली. नेमकी बसली. पापडांचे तेलकट डाग तेवढे वर आले.