अंगठ्याचं नख

दर रविवारी सकाळी मी थेरगावहून दोन बस बदलून चाकणजवळच्या एका गावात जाते आणि एका बाईच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर पट्टी बांधून येते. नख दुखत नाही, पिकलेलं नाही. फक्त ते तुटता कामा नये. घरचे म्हणतात, नोकरी सुटल्यापासून हिला घरात करमत नाही. मी त्यांना समजावत बसत नाही, कारण सांगायला लागले की माझंच पितळ उघडं पडतं. इथे मात्र सगळं सांगणार आहे.

मी नर्स. पस्तीस वर्षं हेच केलं. त्यातली सव्वीस चिंचवडच्या एका हॉस्पिटलात, बहुतेक सर्जिकल वॉर्डात. माझा हात हलका, असं सगळे म्हणायचे. ज्या म्हाताऱ्यांची शीर कुणाला सापडत नसे, त्यांची मला सापडायची. भाजलेल्या माणसाची चिकटलेली पट्टी सोडवायला मी अर्धा तास लावायची, पण त्याला कळवळू द्यायची नाही. माझी ड्युटी लागेपर्यंत लोक ड्रेसिंग लांबवायचे. या कौतुकाची मला भारी हौस होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. समोरच्याचं दुखणं थांबलं की माझं काम झालं, असं मी धरून चालले होते. ते दुखतंय कशानं, हे बघायला डॉक्टर असायचे.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. वॉर्डातली धावपळ झेपेना, म्हणून चाकणला एका कंपनीत प्रथमोपचार खोलीची नोकरी धरली. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारी कंपनी. माझ्या खोलीत एक पलंग, एक कपाट, एक टेबल आणि एक रजिस्टर. काम सोडून कुणी माझ्याकडे आलं, की का आलं ते रजिस्टरात लिहायचं, हा नियम. खिडकी प्रेस शॉपकडे उघडायची. तिथे ओळीनं प्रेस मशीन उभ्या होत्या. मशीनवरच्या बाईनं पत्रा साच्यावर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पेडल मारायचं, की वरून लोखंडाचा अवजड ठोकळा खाली येऊन पत्र्याला आकार देणार. दिवसभर धप्प, धप्प. महिन्याभरात मला तो आवाज ऐकू येईनासा झाला.

आता जिला पट्टी बांधायला जाते ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाचं नख काळंनिळं पडलेलं होतं. पस्तिशीची, जवळच्याच गावातली, शेतकरी घरातली. सुट्टीच्या दिवशी कांद्याची रोपं लावायला जायची आणि त्या कामात गावात तिला कुणी मागं टाकत नसे. हात असा झपाट्याचा म्हणूनच तिला चार नंबरच्या प्रेसवर बसवलेली. नखाखाली रक्त साचलं की ठणका असह्य होतो. त्यावर एक जुना उपाय आहे. सुई लालभडक तापवायची आणि अलगद नखावर टेकवायची. नखाला बारीक गोल भोक पडतं, काळं रक्त बाहेर येतं आणि ठणका तिथल्या तिथे थांबतो. हात जरा जरी जड पडला तरी माणूस किंचाळतो. तिनं हूं की चूं केलं नाही.

"बाई, जादूच हाय तुमच्या हातात," ती म्हणाली. मी खूश. रजिस्टर ओढून पेन उघडलं, तर तिनं दुसरा हात पानावर ठेवला.

"बोटाचं लिवू नका."

"का गं?"

"लिवलं की चौकशी लागती. चौकशी लागली की कंत्राटदार गेटपास काढून घेतो. मागल्या महिन्यात दोघींचा घेतला. आमी परमनंट न्हाई, बाई."

"पण झालं कसं हे?"

"चार नंबर डबल मारतोय. एकदा पेडल मारलं की एकदाच खाली यायला पायजे. तर मधीच आपसूक दुसऱ्यांदा येतो. रोज न्हाई. कवातरी."

मी विचार करायला हवा होता. मला तिची दया आली. तिचा नवरा बरीच वर्षं घरीच बसून होता, घर तिच्या पगारावर चालायचं, हे तिनं भोक पाडून घेता घेता सांगितलं होतं. मी लिहिलं, 'डोकेदुखी. गोळी दिली.' आणि अगदीच खोटं नको म्हणून एक गोळी तिच्या हातात दिलीसुद्धा. पंधरा मिनिटांत ती परत चार नंबरवर होती.

ही बातमी बायकांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. नव्या सिस्टर चांगल्या आहेत, दुखू देत नाहीत आणि लिहीतही नाहीत. चार नंबरवर पाळीपाळीनं बसणाऱ्या आणखी तिघी काळी नखं घेऊन येऊन गेल्या. प्रत्येकीच्या नखाला मी भोक पाडलं आणि प्रत्येकीच्या नावापुढे डोकेदुखी लिहिली. ती स्वतः सहा-सात महिन्यांत पाच वेळा आली. शेवटच्या खेपेला डावा अंगठा होता. गेटवर एक हिरवा बोर्ड होता, अपघाताविना किती दिवस गेले ते दाखवणारा. तो आकडा रोज एकानं वाढायचा. आत येताना मी त्याच्याकडे बघायचं टाळायला लागले होते, आणि तसं का, हे स्वतःला विचारायचंही टाळत होते.

याच काळात मला आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. चार नंबर माझ्या खिडकीला सर्वांत जवळ. धप्प, धप्प, धप्प, आणि मग एकदम धप्प-धप्प. तो जोडआवाज आला की मी हातातलं काम ठेवून दाराकडे बघायची. दोन-तीन मिनिटांत कुणी बोट मुठीत धरून चालत आलं, तर सुई तापवायची. कुणी आलं नाही, तर हात वेळेवर बाहेर निघाला असं समजायचं. दिवस दिवस मी कान देऊन बसलेली असायची. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. चार नंबरवर दर शनिवारी ताजी लिंबू-मिरची लटकायला लागली होती. त्या बायकांना जे कळत होतं, ते त्यांनी असं सगळ्यांसमोर टांगून ठेवलं होतं. माझ्या रजिस्टरात मात्र सगळ्यांची डोकी दुखत होती.

एकदा सुपरवायझरला म्हटलं, "चार नंबर एकदा बघून घ्या ना."

"सिस्टर, म्हातारी मशीन आहे, खोकते अधूनमधून," तो हसत म्हणाला. "तुम्ही गोळ्या द्या, आम्ही पार्ट काढतो."

वॉर्डात मी मोठमोठ्या सर्जनना चारचौघांत ऐकवलेलं आहे. तोंड माझं काही कमी नाही. पण त्याला बोलायचं तर ती नखं बाहेर काढावी लागली असती, आणि नखांबरोबर माझं रजिस्टरही.  तेवढ्यात चहा आला आणि मी तो प्यायले. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

तो दिवस सोमवार होता. सकाळचा पहिला ब्रेक व्हायला थोडा अवकाश होता. मी कपाटातल्या बाटल्या पुसत होते. धप्प-धप्प ऐकलं आणि दाराकडे बघितलं. कुणी येईना. मी सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात शेजारची मशीन थांबली. मग तिच्या पलीकडची. मग एकेक करत सगळी ओळ बंद पडत गेली. इतकी शांतता त्या शेडमध्ये मी कधीच ऐकली नव्हती. ड्रेसिंगचा ट्रे उचलून मी चार नंबरकडे निघाले. 

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, पहिलं आणि मधलं. रुग्णवाहिकेत मी तिचा हात उंच धरून बसले होते. बोटं बर्फात ठेवून बरोबर घेतली होती, पण ती इतकी चिरडली होती की जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते मला बघताक्षणीच कळलं होतं. ती शुद्धीवर होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघून तिनं एकच विचारलं, "बाई, आता तरी लिवताल ना?"

चौकशी बसली. सरकारी साहेब आले. कंपनीच्या बाजूनं एक अधिकारी बोलायला उभा राहिला आणि त्यानं माझंच रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. अक्षर माझं मोत्यासारखं, लगेच वाचता येतं. चार नंबरवर यापूर्वी साधं खरचटल्याचीही नोंद नाही, म्हणजे मशीन निर्दोष, असं तो म्हणाला. पुढे त्यानं पानं उलटली. या बाईंना मात्र वरचेवर डोकेदुखी. पाच नोंदी. म्हणजे आजारपण लपवून त्या मशीनवर बसत होत्या, त्या दिवशी घेरी आली असणार आणि हात आत राहिला. दोष त्यांचाच, तेव्हा भरपाईचा प्रश्न येत नाही.

 तिला वाचवायला जे लिहिलं होतं, तेच एकेक ओळीनं तिच्यावर उलटत होतं. ती माझ्या समोरच्या खुर्चीवर, पांढऱ्या पट्ट्यांतला हात मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी उठून सांगितलं की त्या सगळ्या डोकेदुख्या खोट्या आहेत. प्रत्येक नोंदीच्या जागी एक काळं नख होतं, आणि ते मी लपवलं. नोकरी जाणार हे दिसतच होतं, आणि ती त्याच संध्याकाळी गेली. पण साहेबांनी चष्मा काढून मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आत्ता खोटं बोलताय? मी कशावर विश्वास ठेवू?"

उत्तर तिनं दिलं.  तिनं डावा हात पुढे करून टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या नखात, मुळापासून थोडं वर, माझ्या सुईचं गोल भोक होतं. उजव्या हाताची भोकं त्या दोन बोटांबरोबर गेली होती. हे एक उरलं होतं. साहेबांनी वाकून बघितलं. म्हणाले, पुढच्या तारखेला सरकारी डॉक्टर प्रत्यक्ष तपासतील, आणखी कुणाच्या नखाला अशी खूण असेल तर त्यांनाही आणा. त्या नखाचे फोटो मी नंतर काढून ठेवलेत, पण फोटोवर भागणार नाही असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी गेटबाहेर जाऊन उभी राहिले. ज्यांच्या नखांना मी भोकं पाडली होती त्या तिघी बाहेर आल्या. तिघींनी नखं लाल रंगवली होती. एकीच्या गळ्यात तिचा गेटपास लटकत होता, तो तिनं मुठीत घट्ट धरला होता. माझ्या शेजारून जाताना तिघींनी माना खाली घातल्या. मला राग आला, पण तो त्यांच्यावर काढायला मला तोंड कुठे होतं? लपवलं की निभावतं, हे त्यांना मीच महिनोन्महिने शिकवलं होतं.

तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा. आणि नख कुणासाठी थांबत नाही. दर आठवड्याला ते भोक थोडं थोडं पुढे सरकतंय. तिनं ते नख कापलेलं नाही. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी भांडी घासते, चूल पेटवते, आणि तो डावा अंगठा वर धरून ठेवते. माझ्यावर रागावली आहे का, हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी जाते, पट्टी सोडते, बघते, परत बांधते.

गेल्या रविवारी पट्टी सोडली तर भोक अगदी कडेला आलेलं. पुढे जेमतेम सूतभर नख राहिलंय, आणि तारीख अजून महिन्यानं आहे. तिनं विचारलं, "टिकंल का, बाई?"

आयुष्यभर मी पेशंटला होईल सगळं नीट, असंच म्हणत आले. ज्यांचं काही नीट होणार नव्हतं त्यांनाही म्हटलं. या वेळी तोंडातून तसं निघेना.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"बांधा मग घट्ट," ती म्हणाली.

तिचं घर कंपनीच्या मागच्या भिंतीपासून फार लांब नाही. रविवारीही ओव्हरटाइम चालू होता. चार नंबर अपघातानंतर आठवड्यातच पुन्हा सुरू झाला होता आणि आता त्यावर कुणी नवीन मुलगी बसते, असं तिनं ऐकलंय. मी पट्टीचा वेढा घालत होते आणि भिंतीपलीकडून धप्प, धप्प चाललेलं होतं. मग धप्प-धप्प आलं.

माझा हात थांबला. आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे बघितलं. दारात कोण येणार होतं? तरी बघत राहिलो, आणि मशीन एकेक करून बंद पडतायत का, ते ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं, म्हणजे तेवढा मला वाटला, पुन्हा एक धप्प आलं. तिनं श्वास सोडला. मी पट्टीला गाठ मारली.