साडूंनी न सांगितलेला रिपोर्ट

स्वतःच्या आजाराचं आमच्या साडूंइतकं कौतुक करणारा माणूस बारामती-इंदापुरात दुसरा नसेल. भिगवणला त्यांचा मासळीचा गाळा. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी निघाल्या तेव्हापासून चिलापी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी गाठींची हकीकत ऐकावी लागे. सोनोग्राफीचा फोटो गल्ल्यावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलेला. स्टेशनवर एका अनोळखी बाईंना त्यांनी हे सारं इतकं तपशिलात सांगितलं की त्यांची गाडी निघून गेली.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई या आजारावर संशोधन करत होत्या. त्यात रुग्ण म्हणून सामील व्हायला साडूंनी हौसेनं होकार दिला. पण रुग्णाचं नाव गुप्त राहील हे ऐकून रुसले. फोटोसकट छापा म्हणाले. नियमात बसत नाही, असं बाईंनी परोपरीनं समजावलं. "म्हंजी दुखणं माझं, आन् नाव कुणाचंच न्हाय?" साडूंची तक्रार कायम.

पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, हा आजार रक्तातून पुढं जाऊ शकतो, मुलीलाही तपासून घ्या. मात्र तुमच्या परवानगीशिवाय मी तिच्याशी बोलणार नाही. लेकीला तेव्हा सणसरचं स्थळ आलेलं. साडूंनी परवानगी दिली नाही आणि स्वतःही तोंड उघडलं नाही. फोटो गल्ल्यावरून उतरला. आजाराचं बोलणं बंद झालं, तशी आजार बळावल्याची बातमी बाजारभर झाली. घाबरून लेक बारामती गाठून आली. बाईंनी तिला एवढंच सांगितलं, की वडिलांना विचार.

तिनं विचारलं. साडूंनी मान खाली घालून सांगितलं, आणि म्हणाले, "सोयरीक मोडंल, बाय."

"मोडू द्या, आप्पा. माझ्या अंगात काय हाय, ते मला आधी कळू द्या."

तिनं तपासणी करून घेतली. रिपोर्ट वडिलांना सांगितला, सणसरच्या मुलालाही स्वतःच भेटून सांगितला. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. रिपोर्टात काय होतं, ते आम्हा कुणाला आजवर ठाऊक नाही.

परवा गाळ्यावर बसलो असताना मी जरा आडून चौकशी केली. घरचाच माणूस मी. साडू शांतपणे म्हणाले, "ते तिचं हाय. तिलाच इचारा."

दुपारच्या एसटीनं लेक माहेरी यायची होती. तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या मरळीवर त्यांनी बर्फ सारखा केला. मग बराच वेळ आम्ही उजनीच्या उतरलेल्या पाण्याविषयी बोलत राहिलो.