कंदासकट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांना पन्नास रानरोपं गोळा करून, दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची असत. रोप मुळासकट हवं असा नियम होता. नुसतं फूल तोडून आणलं की मार्क कापले जायचे. नियम पाळण्यात मी पटाईत होते आणि त्याचा मला गर्वही होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपूरहून बस पकडून बुटीबोरीच्या अलीकडे उतरलं की गवताचं मोठं कुरण लागे. भाद्रपदात तिथे कुर्डूचे गुलाबी तुरे डुलत असत. पायाखालून लावे भुर्रकन उडत, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत माझ्या नावाने शंख करी.

एका कोपऱ्यात कमरेएवढ्या गवतात मला आमरी, म्हणजे जमिनीत कंद धरणारं रानटी ऑर्किड, दिसली. एकच दांडा आणि त्यावर दहाबारा पांढरी फुलं. खुरप्याने हळूहळू माती उकरून मी ती कंदासकट काढली. कंदाला ओरखडासुद्धा नव्हता. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

पलीकडे गवत कापणाऱ्या बायांतली एक म्हातारी विळा घेऊन आली.

"काहून उपटलं वं? हा कोपरा माह्या म्हशीचा आहे. फुलाचं बी झडल्याशिवाय मी इथं इळा लावत नाही. अख्ख्या कुरणात हे एकच आहे."

"पुढच्या वर्षी येईल पुन्हा," मी म्हणाले.

"येते?"

"येतं ना. कॉलेजात शिकतो आम्ही."

बी अजून धरलं नव्हतं आणि कंद माझ्या पिशवीत होता. आता तिथे काही उगवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. परीक्षकांनी त्या कागदाचं तोंड भरून कौतुक केलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा त्या बाजूला गेले. सगळं कुरण कापून झालं होतं. एका कोपऱ्यातलं गवत मात्र तसंच उभं होतं, पिवळं पडलेलं, कुसळं धरलेलं. असल्या गवताला म्हैस तोंड लावत नाही. म्हातारीने मला लांबूनच ओळखलं.

"आलं नाही वं अजून. तू म्हणली होती येते म्हणून, मंग मी कापलंच नाही."

"मग म्हशीला काय घालता?"

"आणतो लोकाच्या बांधावरून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं ठरवून तोंड उघडलं आणि एवढंच बोलले, "आता कापून टाका, आजी."

"राहू दे," ती म्हणाली. "आणखी आठ दिवस पाहू."