गुडघ्याला मारलेली गाठ

आमच्या शाळेला खो-खोसाठी मैदान थोडाच वेळ मिळायचं, म्हणून आम्ही मुली अंग मोकळं न करताच पळत सुटायचो. दहावीत असताना खांबाजवळ वळताना माझ्या गुडघ्यातून कट्कन आवाज आला आणि मी खाली बसले.

आम्ही सुरतेत राहायचो; पप्पा नवागाम भागात कापडाच्या लूमवर कामाला होते. तिथे धागा तुटला की कारागीर गाठ मारतो आणि मशीन पुन्हा चालू करतो. पप्पांनी गुडघ्यालाही तेच केलं. कारखान्यातल्या कापडाची पट्टी करकचून बांधली आणि सूज उतरताच मला सामन्याला पाठवलं. तिथे गुडघा पुन्हा निसटला.

डॉक्टर म्हणाले, आतलं लिगामेंट तुटलंय. पप्पांनी विचारलं, "साहेब, गाठ नाही मारता येत?" डॉक्टर हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

आज मी त्याच शाळेत खो-खो शिकवते. अंग मोकळं केल्याशिवाय आणि गुडघे वाकवून वळायला शिकल्याशिवाय एकीलाही पळू देत नाही. मैदानाची वेळ त्यातच संपली तर संपो. पप्पा कधी कधी कुंपणाशी येऊन उभे राहतात. एखादी पोर पडली की माझ्याआधी तेच ओरडतात, "उठू नको, बस तठेच."