व्याह्यांनी बसवलेला सांधा

बिश्केकमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारामागे असनाली चाकांची अलाइनमेंट करतो. निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय. प्रत्यक्षात दहा गाड्या आल्या तर चार तो परत पाठवतो. आधी टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवतो, मग गाडी उचलून चाक वर-खाली हलवतो, मग आडवं हलवतो, शेवटी पहारीनं रबरी बुश दाबून बघतो. कुठं ढिलेपणा सापडला, तर मशीनला हात लावत नाही.

"उभ्या गाडीत सगळेच सांधे सज्जन असतात," तो गिऱ्हाइकाला सांगतो. "स्क्रीनवरचे आकडे मी हिरवे करून देईन. पहिल्या खड्ड्याला परत लाल होतील."

गल्लीत त्याला 'नाहीदादा' म्हणतात. बत्तीस वर्षांत तो पोलिसांना नाही म्हणाला, एका मुल्लाला म्हणाला, सख्ख्या मेव्हण्याला तर दोनदा. व्याह्यांना म्हणायची वेळ आली नव्हती, कारण व्याहीच नव्हते. पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या नुर्पेरीचं लग्न झालं आणि तलासचे शर्शेनबेक व्याही झाले. व्याह्याला काम सांगायचं नसतं, ताटकळत ठेवायचं नसतं आणि खोटं तर मुळीच पाडायचं नसतं.

गुरुवारी सकाळी शर्शेनबेक पांढरा कलपाक, म्हणजे मानाची उंच लोकरी टोपी, घालून आपल्या मुलाची, म्हणजे असनालीच्या जावयाची, गाडी घेऊन आले. दोन दारांची, लाल, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली जपानी स्पोर्ट्स कार. दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन नवं जोडपं घाट ओलांडून तलासला जाणार होतं. तिथं नातेवाईक जमले होते, मेजवानीसाठी मेंढा निवडून ठेवला होता.

"डावीकडे ओढते थोडी," शर्शेनबेक म्हणाले. "पुढचे खालचे बॉल जॉइंट मीच बदललेत. या हातांनी. तुम्ही फक्त आकडे लावा."

असनालीनं गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. डावा टायर आतून घासलेला होता. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मखाली जॅक लावून त्यानं चाक वर-खाली हलवलं.

टक.

कानापेक्षा तळव्याला जास्त कळणारा आवाज. त्यानं पुन्हा हलवलं, या वेळी जरा हळू, जणू हळू हलवलं तर नसेल.

"काय झालं?"

"मशीन तापलंय जरा."

"मग चहा घेऊ," शर्शेनबेक म्हणाले आणि आत जाऊन बसले.

असनालीची बायको गुलसुन हिनं कणकेचे तळलेले बोर्सोक पुढे ठेवले, व्याह्यांच्या वाडग्यात मानानं अर्धाच चहा ओतला, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. जॉइंट कसा बसवला हे शर्शेनबेकनी तिला ऐकवलं. आत जात नव्हता, मग हातोडीनं ठोकला. रबराची टोपी जराशी फाटली, पण असा घट्ट बसला की बास. गुलसुन ऐकून घेऊन बाहेर आली.

"आपलं मशीन कधीपासून तापायला लागलं?"

"जॉइंट गेलाय."

"त्यांनी बसवलेला?"

"हं."

"मग सांग की त्यांना."

"व्याही आहेत, गुलसुन. उद्या पोरीला त्यांच्या घरी जायचंय."

"घरी जायचंय ते ठीक. जाणार कशातून?"

असनालीनं चाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नीट बघायचं तर तीन माणसं लागतील. एक ब्रेकवर, एक चाकाला, एकाचा हात सांध्यावर."

"दोन आहेत. तिसरं आत बोर्सोक खातंय."

असनाली दारात जाऊन उभा राहिला. "व्याहीबुवा, एक हात कमी पडतोय."

शर्शेनबेकनी वाडगा खाली ठेवला. जरा वेळानं उठले. खड्ड्यात उतरायचं तर कलपाक काढायला हवा, आणि कलपाक जमिनीवर ठेवत नाहीत. बाकावर तेल होतं, खुर्चीवर पहार. शेवटी त्यांनी तो अलाइनमेंटच्या स्क्रीनवर ठेवला आणि खाली उतरले.

"हात इथं. दाबू नका, नुसता ठेवा," असनाली म्हणाला.

गुलसुन चालकाच्या जागेवर जाऊन बसली, म्हणजे पडलीच. "ही गाडी आहे की पाळणा? मला उठवायला क्रेन आणा." तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. असनालीनं चाक वर-खाली हलवलं.

टक.

"परत," खड्ड्यातून आवाज आला.

टक.

"ब्रेक दाबलाय ना, विहीणबाई?"

"दाबलाय. पायात गोळे यायला लागलेत."

"बेअरिंग असतं, तर ब्रेक दाबल्यावर आवाज बंद झाला असता," असनाली चाकाला उद्देशून म्हणाला.

खड्ड्यातला हात सांध्यावरच होता.

"पोरगा गाडी फार दामटतो," शर्शेनबेक शेवटी म्हणाले.

"रस्तेही खराब आहेत," असनाली लगेच म्हणाला.

"बाजारात नकली माल फार."

"फारच."

मिनिटभरात तीन गुन्हेगार सापडले. खड्ड्यात उभा असलेला त्यांत नव्हता.

शर्शेनबेक वर आले, हात पुसले आणि तलासला फोन लावला. "पोरं उद्या येत नाहीत. रविवारी येतील... नाही, भांडण नाही. गाडीचं काम निघालं. मेंढ्याला दोन दिवस चारा घाल." फोन खिशात टाकून त्यांनी कलपाक डोक्यावर चढवला आणि आत जाऊन चहापाशी बसले. गुलसुननं पुन्हा अर्धा वाडगा भरला. असनाली समोर बसला. शर्शेनबेक कुणाकडे न बघता प्यायले. मग दारातून गाडीकडे पाहत राहिले.

"व्याहीबुवा."

"बोला."

"उजवा पण मीच बसवलाय."

शर्शेनबेक उठले, कलपाक काढून पुन्हा स्क्रीनवर ठेवला आणि कुणी न सांगता खड्ड्यात उतरले.