तांडेलाचं नाव

बंदरावरच्या कचेरीत मी नवा कारकून होतो, आणि नव्या कारकुनाला कायदा जरा जास्तच कळतो. मासेमारीची होडी बेपत्ता झाली की आमच्याकडे अर्ज यायचा. अर्ज पुरा झाला की शोधासाठी लाँच सुटायची. अर्जातला पहिला रकाना तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, नावाचा होता.

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर बंद होतं. परळ-लालबागचे भोंगे वाजले नव्हते, ट्राम-बस काही नव्हतं. गिरगावातून घोषणा देत मी पायी कामावर आलो होतो आणि स्वतःवर फार खूश होतो. दुपारी वरळीच्या कोळीवाड्यातून एक बाई चालत आली. पाय धुळीनं भरलेले. वादळ होऊन दोन दिवस झाले होते. वाड्यातले पुरुष आपापल्या होड्या घेऊन शोधायला गेले होते, म्हणून ती एकटीच आली होती.

"सायेब, आमची होरी परवा येवाची ती आली नाय."

तिला होडीचा नंबर पाठ होता. कुठल्या बाजूला जाळी टाकतात तेही तिनं नीट सांगितलं. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि तांडेलाचं नाव विचारलं. तिनं मान खाली घातली.

"माजा घरवाला हाय. माज्या तोंडी त्याचं नाव नाय येवाचं. तो दर्यात हाय, सायेब."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे मला कुणी समजावायला नको होतं. माझ्या आईनं जन्मभर वडिलांना 'अहो' म्हटलं. रेशनकार्डावर त्यांचं नाव मीच सांगायला जायचो. तरी मी म्हणालो, "नावाशिवाय अर्ज होत नाही, बाई. दुसऱ्या कुणाला घेऊन या." रकाना कोरा ठेवून अर्ज पुढे सरकवायला मला कोण अडवणार होतं?

ती सासूला आणायला परत चालत गेली. सासूचे गुडघे धरलेले. दोघी पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हातारीनं लेकाचं नाव एका दमात सांगितलं आणि तासाभरात लाँच सुटली. दुपारी उलटी होडी सापडली. तिला धरून एकच जण जिवंत होता, तांडेलाचा भाऊ. तो म्हणाला, "दादा आज सकाली उजारेपावत होता. मंग त्याचं हात सुटलं."

पुढे शोधकार्य सुधारायला समिती बसली. बैल गेला अन् झोपा केला, पण थाटात केला. मोठ्या लाँच हव्यात, बिनतारी यंत्रं हवीत, किनाऱ्यावर रात्रंदिवस माणूस हवा. सगळं खरंच हवं होतं. समितीच्या साहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून मला बसवलं. बाईला साक्षीला बोलावलं, तेव्हा मी रजा टाकायला हवी होती. नाही टाकली.

साहेबांनी विचारलं, उशीर का झाला?

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला ओळखलं होतं. "चूक माजी. मी तवाच नाव घेतलं असतं, तर लाँच गेली असती. ह्या सायबांचा काय दोष? त्यांनी तर मना पानी दिलं."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. 'ह्या' म्हणजे कोण, ते साहेबांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अहवालात उशिराचं कारण आलं ते 'कुटुंबीयांची दिरंगाई'. टंकलेखन माझंच.

उठता उठता साहेबांनी नोंदीसाठी तांडेलाचं नाव विचारलं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं मला थांबवलं.

"मी सांगते. आता काय घटवाचं ऱ्हायलंय त्याचं?"

आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, सावकाश, मला नीट लिहून घेता यावं म्हणून.