दगडावरचं नाव

साल २०१२. न्यूझीलंड आर्मीत मी इंजिनिअर्सचा कॉर्पोरल. पोस्टिंग अफगाणिस्तान. काम, न्यूझीलंडच्या मदतीच्या पैशातून चार खोल्यांचा दवाखाना बांधणे. पुण्याहून ऑकलंडला शिकायला आलेला माणूस तिथे कसा पोचला, असं लोक अजून विचारतात. पोटासाठी, दुसरं काय!

रुटीन साधं. ०५३० ला उठायचं, ०७०० ला साइट, १६०० ला परत. भिंती उचलत होता नबी, त्याच गावचा गवंडी. क्वेट्यात राबलेला, त्यामुळे उर्दू बोलायचा. माझं हिंदी चालून जायचं. त्याचा ओळंबा कधी चुकला नाही. माझे वडीलही गवंडी. तालुकाभर शाळा बांधल्या त्यांनी. कोनशिलांवर मंत्र्यापासून सभापतीपर्यंत सगळे, वडिलांचं नाव एकाही दगडावर नाही. ते मला आयुष्यभर सलत आलंय.

उद्घाटनाचा दगड आला तेव्हा मी आमच्या स्टाफ सार्जंटला म्हटलं, "स्टाफ, नबीचं नाव घालू."

"नो नेम्स."

"बांधलं त्याने."

"आपण गेल्यावर जे येतील, त्यांनाही वाचता येतं. नो."

माओरी माणूस, बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी तो बेसवर गेला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच. गावच्या मास्तरांकडून अक्षरं लिहून घेतली, छिन्नी उचलली आणि कोरली. नबी, अमक्याचा मुलगा, तिकडच्या रीतीप्रमाणे.

नबीला वाचता येत नव्हतं. "यात मी कुठला?" त्याने विचारलं. मी दाखवलं. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, मग धावत जाऊन धाकट्या भावाला घेऊन आला.

स्टाफ परतला तो ऐन उद्घाटनाला. दगड पाहिला. "यू इडियट," एवढंच म्हणाला. पाहुणे फाटकात होते. फीत कापली, फोटो निघाले, दगड तसाच राहिला.

सहा आठवड्यांनी, ०८१५ ला बेसवर रेडिओ वाजला. गावाकडे गस्तीला गेलेली आमची तुकडी.

"क्लिनिक?" स्टाफने विचारलं.

"क्लिनिक ओके. ओरखडाही नाही. गवंडी मेलाय. ओव्हर."

आम्ही पोचलो. नबीला दगडाखालीच टेकवून बसवलं होतं. गोळी एक. उजव्या हाताची बोटं तोडून मांडीवर ठेवलेली. परक्यांचं काम केल्याची शिक्षा. औषधांच्या कपाटाची काचसुद्धा फुटली नव्हती. मारणाऱ्यांनी नाव वाचलं आणि बाजारात घर विचारलं.

भाऊ पायरीवर उभा होता. रडत नव्हता. मला म्हणाला, "साहेब, त्यात आमच्या वडिलांचं नाव आहे. उद्या माझ्याकडे येतील. पुसा ते."

स्टाफने छिन्नी पुढे केली. कोरायला मला दोन तास लागले होते. खोडायला वीस मिनिटं लागली. तोंडाने मी स्वतःलाच आईबहिणीवरून शिव्या देत होतो.

आता ऑकलंडलाच, ईस्ट टामाकीला वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. अँझॅक डेला, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, हेन्डरसनला सैनिकांच्या स्मारकापाशी जातो. परवा लेक सोबत होती. सगळी नावं वाचून झाल्यावर तिने विचारलं, "डॅड, विच वन इज युवर मेट?"

"इथे नाहीये तो."

"व्हाय नॉट?"

तिचा हात धरून मी गाडीकडे निघालो.

एक तुम्हाला सांगतो. नबी हे त्याचं खरं नाव नाही. भाऊ अजून त्याच गावात भिंती बांधतो.